बेटावरचं छोटं गेस्टहाउस: आधी पाणी, मग खडक, शेवटी रूप

कातळाच्या, वाऱ्यानं झोडपलेल्या बेटावर गेस्टहाउस बांधायचं ठरलं की चर्चा लगेच दिसण्याकडे वळते. छपरावर गवत लावू, भिंतींना दगड लावू, रंग मातकट ठेवू, म्हणजे इमारत निसर्गात मिसळून जाईल. मला ही सुरुवातच उलटी वाटते. काँक्रीटच्या चौकोनी खोक्याला दगडाच्या पातळ चकत्या चिकटवल्या तर फोटोपुरतं काम भागतं. पुढे खारा वारा आणि ओल सांध्यांत शिरते, चकत्या सुटायला लागतात आणि आतलं खोकं उघडं पडतं. खडकाळ बेटांवरची जुनी घरं मात्र तिथलीच वाटतात, आणि ती तशी दिसावीत म्हणून कुणी खटपट केलेली नसते. पाऊस किती पडतो, वारा कुठून घुसतो, पाया कुठे लागतो, होडीत काय मावतं, यातून त्यांचा आकार ठरत गेलेला असतो. नवं गेस्टहाउस बांधतानाही हा क्रम धरला तर रूपाची निम्मी काळजी मिटते. आणि या क्रमात सगळ्यात आधी येतं पाणी.

खोल्या किती, ते पाणी ठरवतं

बेटावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो तेव्हा खाली त्याची गाठ समुद्राच्या पाण्याशी पडते, कारण बेटाखाली ते चारही बाजूंनी शिरलेलं असतं. गोडं पाणी हलकं, खारं जड. एक लिटर गोड्या पाण्याचं वजन १ किलो धरलं तर समुद्राच्या पाण्याचं साधारण १.०२५ किलो भरतं. त्यामुळे गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, मध्ये जाड आणि किनाऱ्याकडे पातळ होत गेलेल्या भिंगाच्या आकारात. वजनातला फरक एवढा थोडा असल्यानं समतोल राखायला हे भिंग खूप खोलवर जातं. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर १ मीटर असेल तर सपाटीखाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडं पाणी असतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नेदरलँड्सचे बडोन घायबेन आणि नंतर १९०१ मध्ये जर्मनीचे हेर्झबर्ग यांनी हे गणित वेगवेगळं मांडलं.

ऐकायला ही मेजवानी वाटते, पण गणित उलट्या बाजूनंही तितकंच चालतं. पंप लावून विहिरीची पातळी अर्धा मीटर खाली नेली तर खालचं खारं पाणी कालांतरानं सुमारे २० मीटर वर सरकतं. एकदा विहीर खारी झाली की ती पुन्हा गोडी व्हायला अनेक पावसाळे जाऊ शकतात, आणि नुकसान फक्त गेस्टहाउसचं होत नाही. त्याच भिंगावर शेजारच्या घरांच्या विहिरी असतात, झाडं असतात. हे सूत्र वाळूच्या किंवा सच्छिद्र चुनखडीच्या बेटांना चांगलं लागू पडतं. अखंड कठीण खडकाच्या बेटावर पाणी फक्त भेगांमध्ये असतं, तिथे तर विहिरीचा भरवसा आणखी कमी.

म्हणून मी हिशेब छपरापासून मांडेन. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. समजा छपराचं क्षेत्रफळ १५० चौरस मीटर आहे आणि वर्षाला ८०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर छपरावर १,२०,००० लिटर पाणी पडेल. पहिल्या पावसाचं पाणी छप्पर धुऊन जाऊ द्यायचं असतं, काही वाफ होऊन उडतं, काही पन्हळीतून सांडतं. पाचवा हिस्सा वजा केला तर ९६,००० लिटर हाती राहतं. एका पाहुण्याला दिवसाला १२० लिटर धरले तर त्यात ८०० मुक्काम भागतात. ६ खोल्या आणि प्रत्येकीत दोघं, म्हणजे १२ माणसं: जेमतेम ६६ दिवस. कमी पाण्याचे शॉवर बसवले, बिनपाण्याची कंपोस्ट शौचालयं केली, चादरी धुवायला मुख्य भूमीवर पाठवल्या आणि खप ८० लिटरवर आणला, तर तेच पाणी १०० दिवस पुरतं. ६ खोल्यांच्या जागी १२ खोल्या केल्या तर काय होईल ते आता वेगळं सांगायला नको.

यात कोरड्या दिवसांचा प्रश्न वेगळाच. अनेक बेटांवर पाहुण्यांचा हंगाम नेमका बिनपावसाचा असतो. १२ माणसं, ८० लिटर, ९० दिवस म्हणजे ८६,४०० लिटर पाणी आधीच साठवलेलं हवं. त्यासाठी ६ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि २.४ मीटर खोल टाकी लागते. नकाशा तयार झाल्यावर एवढी टाकी कोपऱ्यात कुठेतरी बसवता येत नाही. ती पहिल्या दिवसापासून इमारतीचा अवयव म्हणून धरावी लागते: जोत्याखाली, अंगणाखाली किंवा उतारात अर्धी रुतवून, जिच्या माथ्यावर ओटा होईल अशी.

अटलांटिक महासागरातल्या बर्म्युडा बेटांवर हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. तिथल्या घरांची छपरं चुनखडीच्या फरशांची, पायऱ्यापायऱ्यांची आणि पांढरीशुभ्र असतात. पायऱ्यांमुळे मुसळधार पावसातही पाण्याचा वेग कमी होतो आणि ते उडून न जाता पन्हळीत वळतं, तिथून घराखालच्या टाकीत. छपरावर पाणी धरणं तिथे कायद्यानंच बंधनकारक आहे. फरशांच्या वजनामुळे छप्पर चक्रीवादळातही जागचं हलत नाही. ज्या पांढऱ्या छपरांमुळे ते बेट लांबून ओळखू येतं, ती सजावट म्हणून आलेली नाहीत.

समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र बसवता येतं, हे खरं. पण त्याला सतत वीज लागते, गाळण्या बदलाव्या लागतात आणि मागे उरलेलं अतिखारं पाणी कुठेतरी सोडावं लागतं. मी ते राखीव म्हणून ठेवेन, त्याच्या भरवशावर खोल्या वाढवणार नाही. सांडपाण्याबाबत एकच गोष्ट ठासून सांगतो. खडकाळ बेटावर माती पातळ असते आणि शोषखड्ड्यातलं पाणी मातीत गाळलं जाण्याआधीच भेगांतून थेट विहिरीत किंवा किनाऱ्यावर पोचू शकतं. म्हणून मैल्याची व्यवस्था विहिरीपासून लांब, उताराच्या खालच्या अंगाला आणि पुरेशी माती आहे तिथेच. अशी जागा सापडत नसेल तर बंदिस्त टाकी किंवा कंपोस्ट, तिसरा पर्याय नाही.

जागा निवडताना

बेटावर गेल्यावर जिथे पाय आपोआप थांबतात, ती जागा बांधकामासाठी घेऊ नये. तिथे इमारत उभी राहिली की ती जागा संपते. तिथे एक साधं दगडी बाकडं पुरे. इमारत त्याच्या थोडी खाली, आधीच विस्कटलेल्या जमिनीवर असावी: जुनी खाण, पडकं घर, वापरातून गेलेला धक्का, गुरांनी तुडवलेलं मैदान. नॉर्वेच्या मान्सहाउसेन बेटावर २०१५ मध्ये वास्तुकार स्नोरे स्टिनेसेन यांनी बांधलेल्या पाहुण्यांच्या केबिन जुन्या दगडी धक्क्याच्या आधारानं पाण्याच्या बाजूला पुढे आलेल्या आहेत. माणसानं आधीच घडवलेल्या जागेवर भार टाकल्यामुळे उरलेलं बेट मोकळं राहिलं.

डोंगराची धार टाळण्याला दोन कारणं आहेत. धारेवरची इमारत आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसते, आणि आकाशासमोर कुठलाही रंग लपत नाही. शिवाय उतार चढून आलेला वारा माथ्यावर वेग घेतो. धारेच्या थोडं खाली, मागे उतार आणि समोर दरी असेल, तर दोन्ही प्रश्न बरेचसे सुटतात. ओहोळाची वाट आणि उधाणाच्या भरतीची जास्तीत जास्त रेषा मात्र एखाद्या जुन्या माणसाकडून समजून घ्यावी, आणि समुद्राची पातळी वाढते आहे हे धरून त्याच्याही बरंच वर राहावं.

मग खडकाचा प्रश्न येतो. सपाटी मिळवायला सुरुंग लावायचा किंवा खडक फोडणारं यंत्र चालवायचं, हा सर्रास मार्ग. त्याची किंमत डोळ्यांना लगेच कळत नाही. खडकावर चिकटून वाढणाऱ्या दगडफुलाच्या कित्येक जाती वर्षाला १ मिलिमीटरहूनही कमी वाढतात. तळहाताएवढा ठिपका दिसला तर तो शंभर वर्षांचा असू शकतो. यंत्राच्या पट्ट्यानं खरवडलेला खडक आपल्या हयातीत पूर्ववत होत नाही, मग वर कितीही झाडं लावली तरी.

दुसरा मार्ग म्हणजे खडकाला भोकं पाडून त्यात पोलादी दांडे रोवायचे, भोकं सिमेंटच्या पातळ मिश्रणानं (ग्राउटनं) भरायची आणि त्या दांड्यांवर जमिनीपासून उंच लाकडी तळ उचलून धरायचा. नॉर्वेतल्या जुवेट लँडस्केप हॉटेलमध्ये यंसेन आणि स्कोडविन या वास्तुकारांनी खोल्या ४० मिलिमीटर जाडीच्या भरीव पोलादी दांड्यांवर उभ्या केल्या. ते हॉटेल बेटावर नाही, डोंगराळ दरीत आहे, पण धडा तोच. खडक जसा होता तसा राहिला, पावसाचं पाणी खोल्यांच्या खालून आपल्या जुन्या वाटेनं जातं, आणि उद्या इमारत काढायची वेळ आली तर मागे उरतील ती फक्त भोकं. मला या पद्धतीतलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच, की ती परतीची वाट मोकळी ठेवते.

तिच्यात एक धोका आहे. उचललेल्या तळाखालून वारा घुसतो आणि तळाला खालून ढकलतो, म्हणून दांडे नुसतं वजन पेलणारे असून चालत नाहीत, ते वर उपसले जाणार नाहीत इतके खोल हवेत. फार वाऱ्याच्या जागी मी त्यामुळे दोन्ही एकत्र करेन: जड दगडी भाग जमिनीत रुतलेला, आणि खडक उंचसखल आहे तिथेच हलका भाग खांबांवर.

वारा

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी ७२ किलोमीटरचा वारा भिंतीच्या दर चौरस मीटरवर साधारण २४.५ किलो वजनाइतका दाब देतो. वेग दुप्पट, ताशी १४४ झाला की दाब चौपट, म्हणजे जवळपास ९८ किलो. छपराचं गणित आणखी वेगळं. छपरावरून वारा वेगानं वाहतो तेव्हा तिथला हवेचा दाब घटतो आणि छप्पर वर ओढलं जातं. ही ओढ कडांना आणि कोपऱ्यांना सगळ्यांत जास्त, तिथे ती भिंतीवरच्या दाबाच्या दुप्पटही होऊ शकते. वादळात छपरं कोसळण्यापेक्षा उडून जास्त जातात, ती यामुळे. त्यातच घुसणाऱ्या वाऱ्यानं एखादी खिडकी फुटली तर आतून फुगवणारा दाब वरच्या ओढीला मिळतो. म्हणून वाऱ्याच्या बाजूच्या खिडक्या लहान, आणि त्यांना बंद करता येतील अशा भक्कम झडपा.

स्कॉटलंडच्या लुइस बेटावरच्या जुन्या घरांनी यावर काढलेली तोड पाहण्यासारखी आहे. तिथे बांधकामाला उंच लाकूड मिळत नव्हतं आणि अटलांटिकचा वारा थांबत नव्हता. त्या घरांना दगडाच्या दोन कोरड्या भिंती असत आणि मधल्या पोकळीत माती भरलेली असे. कोपरे गोलसर, जेणेकरून वारा अडकण्याऐवजी वळून जाई. छप्पर बाहेरच्या भिंतीवर न ठेवता आतल्या भिंतीवर टेकवलेलं असल्यानं वळचण बाहेर येतच नसे. वाऱ्याला धरायला कड सापडत नसे. गवताच्या शाकारणीवरून दोर टाकून त्यांना दगड लटकवलेले असत. छपरावरचं पाणी भिंतीच्या मातीत उतरे आणि मातीची ओल वाऱ्याला दगडांच्या फटींतून आत येऊ देत नसे. ही घरं टेकडीवर पडलेल्या दगडांसारखी दिसतात, पण त्यांच्यातला प्रत्येक निर्णय वाऱ्याला दिलेलं उत्तर आहे.

आजचं गेस्टहाउस तसंच्या तसं बांधायची गरज नाही. पण बैठा आकार, कमी वळचण, चारही बाजूंनी उतरतं साधारण ३० अंशांचं छप्पर आणि छपरापासून पायापर्यंत अखंड जाणारी पोलादी बांधणी, एवढं तिथून शिकून करता येतं. छपराचा वासा भिंतीला, भिंत जोत्याला, जोतं खडकाला बांधलेलं हवं. यातली एक कडी सुटली तर बाकीच्यांचा उपयोग नाही.

अंगणाबाबत लोक हमखास एक घोटाळा करतात. वारा अडवायला उंच, भरीव भिंत घालतात. वारा तिच्यावरून उडी मारून पलीकडे भोवरे करत आदळतो आणि आडोशाला बसलेल्या माणसाच्या ताटात धूळ येते. फटी असलेला दगडांचा गडगा किंवा झुडपांची दाट रांग यापेक्षा चांगली. निम्म्याच्या आसपास वारा आत झिरपू देणारा आडोसा त्याच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर कमी करतो, आणि भोवरेही होत नाहीत. दीड मीटरच्या गडग्यामागे १५ मीटर निवांत जागा मिळते. एकच लांबलचक इमारत करण्यापेक्षा दोन-तीन छोट्या इमारती अशा अंगणाभोवती मांडाव्यात, असं माझं मत आहे. बाहेरच्या भिंती वाढतात, नळ लांबतात, हे मान्य. पण खडकाच्या उंचसखलपणात लहान तुकडे बसतात, मोठ्या तुकड्यासाठी खडक कापावा लागतो.

मीठ

किनाऱ्यापासून जवळ बांधलेल्या इमारतीला खरं आयुष्य मिठाशी काढायचं असतं. काँक्रीटमधले गज एरवी सुरक्षित असतात, कारण सिमेंटच्या अल्कधर्मी वातावरणात लोखंडावर संरक्षक थर तयार होतो. मिठातलं क्लोराइड सूक्ष्म छिद्रांतून आत पोचलं की हा थर मोडतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे आतून काँक्रीट फुटतं. बेटावर समुद्राची न धुतलेली वाळू किंवा खारं पाणी वापरून काँक्रीट केलं तर हा रोग पहिल्या दिवसापासून आत घातल्यासारखं होतं. शक्य तिथे गजांचं काँक्रीट टाळावं. जिथे लागेल तिथे मिश्रण घट्ट आणि गजांवरचं आवरण जाड ठेवावं.

खिळे, बोल्ट, बिजागऱ्या यांच्याकडे कुणी लक्ष देत नाही, आणि पहिली तीच जातात. स्टेनलेस स्टीलची ३०४ जात किनाऱ्यावर डागाळते. ३१६ या जातीत दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो, त्यामुळे ती क्लोराइडपुढे बरीच टिकते. ॲल्युमिनियमच्या चौकटीला स्टीलचा स्क्रू थेट लावला तर खाऱ्या ओलीत दोघांमध्ये वीजघटासारखी क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम झिजतं. मध्ये प्लॅस्टिकची वॉशर हवी. दगड, चुना आणि लाकूड त्या मानानं मीठ पुष्कळ सोसतात.

बिनरंगाचं लाकूड ऊन-पावसात रुपेरी करडं होतं, ही बहुतेकांची आवडती कल्पना. ते होतं, पण सगळीकडे सारखं नाही. वळचणीखालचा पट्टा वर्षानुवर्षं तांबूस राहतो, उन्हाची बाजू लवकर पालटते, सावलीची बाजू काळपट पडते. वळचण अगदी कमी ठेवली तर रंग समान पालटतो. वाऱ्यासाठीही ती कमी हवी होती, तेव्हा इथे दोन्ही गरजा एकाच दिशेला जातात.

स्थानिक साहित्य वापरा, हा सल्ला सरसकट पाळू नये. किनाऱ्यावरचे गोटे आणि वाळूच्या टेकड्या बेटाचं लाटांपासून रक्षण करतात. त्या उचलून भिंतीत घातल्या तर इमारत देखणी होईल आणि किनारा झिजेल. पाया आणि टाकी खणताना निघालेला दगड मात्र एकही वाया जाऊ देऊ नये.

रंग, काच आणि रात्र

लांबून पाहताना खडक त्याच्या जवळच्या रंगापेक्षा गडद दिसतो, कारण भेगांमधल्या सावल्या त्या रंगात मिसळतात. सपाट भिंतीवर अशा सावल्या नसतात, म्हणून खडकाच्या तुकड्याशी जुळवलेला रंग भिंतीवर फटफटीत वाटतो. नमुना दोन छटा गडद आणि बिनचकाकीचा घ्यावा, आणि तो कोरडा, ओला, सकाळी, संध्याकाळी तिथेच ठेवून पाहावा. मोठी काच दिवसा आकाश परावर्तित करते आणि मैलभरावरून चमकते, शिवाय पक्षी तिच्यावर आदळतात. काच भिंतीत खोल बसवली, तिचे भाग केले, तर दोन्ही त्रास कमी होतात.

पण लपणं हे एकमेव उत्तर नव्हे. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याजवळच्या बेटावरचं फोगो आयलंड इन हे हॉटेल २०१३ मध्ये सुरू झालं. वास्तुकार टॉड सॉन्डर्स. २९ खोल्या, पांढऱ्या भिंती, खडकावर खांब रोवून उभी असलेली मोठी इमारत. ती कुठूनही दिसते. तरी ती उपरी वाटत नाही, कारण तिथले कोळी आपली घरं आणि मासळीच्या शेड खडकावर अशाच खांबांवर उभ्या करत आले आहेत. स्पेनच्या लान्झारोते या ज्वालामुखीच्या बेटावर चित्रकार सेझार मान्रिके यांनी १९६८ च्या सुमारास लाव्हाच्या पाच नैसर्गिक पोकळ्यांमध्ये घर केलं, आणि काळ्या लाव्हावर त्याच्या भिंती पांढऱ्याशुभ्र आहेत. जमीन न तोडता तिच्या पोटात बसलेलं हे घर रंगानं पूर्ण वेगळं असूनही तिथलंच राहतं. मला तर वाटतं, जमिनीशी नातं पक्कं असेल तर रंगात मोकळीक घेता येते. नातं नसेल तर कुठलाही मातकट रंग ते जोडून देत नाही.

रात्रीचा विचार नकाशात क्वचितच असतो. अंधाऱ्या बेटावर एक उघडा दिवा अख्ख्या किनाऱ्याला दिसतो. अंड्यांतून निघालेली कासवाची पिल्लं उजेडाकडे भरकटतात, समुद्रपक्षी दिव्यांवर येऊन पडतात. खाली तोंड असलेले, झाकलेले, पिवळसर आणि गरज संपताच विझणारे दिवे एवढं पुरतं. इंग्लिश खाडीतलं सार्क हे बेट २०११ मध्ये जगातलं पहिलं ‘डार्क स्काय’ बेट, म्हणजे रात्रीचं आकाश अंधारं राखलेलं बेट, म्हणून घोषित झालं. तिथे आकाश पाहायला म्हणून लोक मुक्कामाला येतात.

बांधकामाचे दिवस

गेस्टहाउस वीस वर्षांत करत नाही एवढं नुकसान बांधकामाचे सहा-आठ महिने करू शकतात. काम सुरू होण्याआधी इमारतीभोवती दोन-तीन मीटर सोडून दोरीचं कुंपण घालावं, आणि त्याबाहेर पाऊल, सामान किंवा सिमेंटचं धुतलेलं पाणी जाणार नाही हे करारातच लिहावं. वाट एकच, आणि तीच पुढे पाहुण्यांची वाट. प्रत्येक तुकडा होडीत मावेल आणि चार माणसांना उचलता येईल असा आधीच कापून, जुळवून आणला तर मोठ्या यंत्राची गरजच उरत नाही. हीच मर्यादा इमारतीला योग्य माप देते.

आणि नकाशा पक्का करण्याआधी एक स्वस्त काम जरूर करावं. स्वित्झर्लंडमध्ये नव्या इमारतीच्या परवानगीआधी तिच्या उंचीचे खांब जागेवर उभे करून दाखवावे लागतात, म्हणजे शेजाऱ्यांना ती केवढी होणार हे समजतं. बेटावर कुणी सांगितलं नाही तरी ते करावं. इमारतीच्या प्रत्येक कोपऱ्यावर खऱ्या उंचीचे बांबू रोवा, माथ्याला दोरी ताणा, आणि मग धक्क्यावरून, होडीतून, समोरच्या टेकडीवरून पाहा. दोरी आकाशरेषेच्या वर गेली तर इमारत उतारावर खाली सरकवा, किंवा एक खोली कमी करा. बांबूंना कापडाच्या पट्ट्या बांधून एखादा वादळी हंगाम तसेच राहू दिले तर आणखी उत्तम. वारा नेमक्या कुठल्या कोपऱ्यावरून वळतो आणि स्वयंपाकघराचं दार कुठे नसावं, हे त्या पट्ट्या दाखवून देतात.